अत्यवस्थ रुग्ण आणि भूलपरिचारिकेचे शिक्षण

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की रुग्णाचे नातेवाईक शल्यचिकित्सकाचे आभार मानतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दोन-तीन तासांत रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा प्रत्येक श्वास मोजणाऱ्या व्यक्तीचे नाव पुष्कळदा त्यांना ठाऊकही नसते. भूल देणे म्हणजे एक इंजेक्शन टोचून माणसाला झोपविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. झोपलेला मनुष्य गुदमरला तर जागा होतो, घशात काही अडकले तर खोकतो, वेदना झाली तर अंग काढून घेतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाची ही सारी नैसर्गिक संरक्षणे तात्पुरती काढून घेतलेली असतात. त्याचे शरीर जे काम स्वतः करीत होते ते काम तेवढ्या वेळापुरते दुसऱ्या माणसाने अंगावर घेतलेले असते.

निरोगी माणसाच्या बाबतीत ही जबाबदारी मोठी आहेच. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत ती कितीतरी पटींनी वाढते. आपल्याकडे ही जबाबदारी भूलतज्ज्ञ डॉक्टरांकडे असते. अमेरिका, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांसारख्या देशांत मात्र विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही भूल देतात. त्यांना 'भूलपरिचारिका' म्हणता येईल. या परिचारिकांना अत्यवस्थ रुग्णांसाठी कसे तयार केले जाते, त्या शिक्षणाचा गाभा कोणता आणि त्यातून आपल्या आरोग्यव्यवस्थेला काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लक्ष कोणी ठेवावयाचे?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया वेदनारहित होऊ शकते हे जाहीरपणे दाखवून दिले. पुढील वर्षी एडिंबरो येथे जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. वेदनेवर विजय मिळाला, असे त्या काळी सर्वांना वाटले. परंतु जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडमधील एक पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मने दगावली. भूल हे दुधारी शस्त्र आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

त्या काळात इथरचा रुमाल धरण्याचे काम बहुधा एखाद्या शिकाऊ डॉक्टरकडे असे. त्याचे डोळे साहजिकच शस्त्रक्रियेकडे लागलेले असत, कारण त्याला तीच शिकावयाची असे. रुग्णाच्या चेहऱ्याकडे, ओठांच्या रंगाकडे, श्वासाच्या लयीकडे लक्ष देणारे कोणी नसे. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी काही शल्यचिकित्सकांनी परिचारिकांना भूल देण्यास शिकविले. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलमध्ये १८७७ साली हे काम करू लागलेल्या सिस्टर मेरी बर्नार्ड या अमेरिकेतील पहिल्या भूलपरिचारिका मानल्या जातात.

या परंपरेला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथे मेयो बंधूंबरोबर काम करणाऱ्या ॲलिस मगॉ यांनी. १९०६ साली त्यांनी चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत थेट भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. त्यांच्याजवळ आजच्यासारखे कोणतेही यंत्र नव्हते. जाळीवर इथरचे थेंब एकेक करून सोडावयाचे, रुग्णाशी शांतपणे बोलत राहावयाचे आणि त्याच्या श्वासावरून पुढचा थेंब ठरवावयाचा, ही त्यांची पद्धत होती. त्यांचे खरे साधन अखंड अवधान हेच होते.

पुढे क्लीव्हलँड येथील लेकसाइड हॉस्पिटलमध्ये डॉ. जॉर्ज क्राइल यांच्याबरोबर काम करणाऱ्या अगाथा हॉजिन्स यांनी १९१५ साली भूलपरिचारिकांसाठी रीतसर शाळा सुरू केली. त्यांच्याच पुढाकाराने १९३१ साली या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९४५ साली पहिली राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेण्यात आली आणि १९५६ पासून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना 'प्रमाणित नोंदणीकृत भूलपरिचारिका' ही उपाधी मिळू लागली. परिचारिकेने भूल देणे म्हणजे विनापरवाना वैद्यकी करणे होय, असा आक्षेप घेऊन न्यायालयात दावेही झाले. केंटकी येथे १९१७ साली आणि कॅलिफोर्निया येथे १९३६ साली न्यायालयांनी हा आक्षेप अमान्य केला. मात्र परिचारिका शल्यचिकित्सकाच्या निर्देशाखाली काम करीत होती, ही बाब या निर्णयांत महत्त्वाची ठरली.

भूलशास्त्र शस्त्रक्रियागृहाबाहेर पडले

भूल देण्याची विद्या आणि अत्यवस्थ रुग्णांची शुश्रूषा यांचा निकटचा संबंध जगाला दिसला तो १९५२ साली कोपनहेगन येथे. त्या वर्षी डेन्मार्कमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात रोज दाखल होत होते. छातीबाहेरील हवेचा दाब कमी करून श्वसन घडविणारी यंत्रे मोजकीच होती आणि ती पुरेशी गुणकारीही नव्हती. सुरुवातीच्या काळात श्वसनाचा पक्षाघात झालेल्या दहा रुग्णांपैकी आठांहून अधिक दगावत होते.

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी पाचारण करण्यात आले. रुग्णांच्या रक्ताचे तपशील पाहून त्यांनी निदान केले की, हे रुग्ण पोलिओच्या विषाने नव्हे, तर श्वास अपुरा पडून शरीरात कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडने मरत आहेत. २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली आणि त्यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ रोज हेच करीत होते. ते येथे रोग्याच्या खाटेजवळ केले गेले. मुलगी वाचली. त्यानंतर सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून दिवसरात्र पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म या घटनेतून झाला.

या घटनेचा बोध विचार करण्याजोगा आहे. त्या रुग्णांना वाचविणारे यंत्र नव्हते. तेथे होती ती एक नळी, एक पिशवी आणि नेमके काय करावयाचे हे शिकविलेले हजारो हात.

अत्यवस्थ रुग्णाची भूल वेगळी का?

प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सहज उच्छ्वासानंतरही साधारण अडीच लिटर हवा शिल्लक राहते. शरीराला दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. भूल देण्यापूर्वी काही मिनिटे मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला की ही शिल्लक जागा प्राणवायूने भरते. त्यामुळे श्वास थांबल्यानंतरही निरोगी माणसाला सात-आठ मिनिटांचा अवधी मिळू शकतो. श्वासनलिकेत नळी बसविण्यास हा अवधी पुरेसा असतो.

आता न्यूमोनियाने ग्रासलेला रुग्ण घ्या. त्याच्या फुप्फुसांचा मोठा भाग पाण्याने व पुवाने भरलेला असतो. म्हणजे साठवणीची जागाच कमी. तापामुळे व जंतुसंसर्गामुळे त्याची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. कोठार लहान आणि खर्च मोठा, अशी ही अवस्था. अशा रुग्णाला सात-आठ मिनिटांऐवजी एखाददुसरे मिनिटच हाती मिळते.

दुसरा धोका रक्तदाबाचा. रक्तस्राव किंवा रक्तातील जंतुदोष यांमुळे खचलेला रुग्ण रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून कसाबसा रक्तदाब टिकवून असतो. भुलीचे औषध मिळताच हा ताण सुटतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब एकदम कोसळतो; प्रसंगी हृदयही बंद पडते. म्हणून अशा रुग्णाला कोणते औषध, किती अल्प मात्रेत आणि किती सावकाश द्यावयाचे, तसेच रक्तदाब सावरण्याचे औषध अगोदरच कसे तयार ठेवावयाचे, हे भूल सुरू करण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. तिसरा धोका पोटातील अन्नाचा. तातडीच्या वेळी रुग्ण उपाशीपोटी असेलच असे नाही, आणि खोकल्याची शक्ती नाहीशी झाल्यावर उलटलेले अन्न फुप्फुसात जाऊ शकते.

हे तिन्ही धोके एकाच वेळी, दोन-तीन मिनिटांत सांभाळावे लागतात. पुस्तक उघडून पाहण्यास तेथे वेळ नसतो. जे शिकावयाचे ते आधीच हातात आणि डोळ्यांत उतरलेले असावे लागते.

प्रशिक्षणाची घडण

अमेरिकेत भूलपरिचारिकेच्या अभ्यासक्रमाची पहिली अट मोठी बोलकी आहे. परिचर्येची पदवी आणि नोंदणी यांखेरीज उमेदवाराने अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष पूर्णवेळ काम केलेले असावे लागते. ज्या परिचारिकेने खचणारा रक्तदाब रात्रपाळीत स्वतः पाहिला आहे, व्हेंटिलेटरवरील रुग्णाची चुळबूळ ओळखली आहे, तिलाच पुढचे शिक्षण द्यावयाचे, असा त्यामागील विचार आहे.

त्यानंतरचा अभ्यासक्रम सुमारे तीन वर्षांचा असतो. १ जानेवारी २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या सर्वांसाठी तो डॉक्टरेट दर्जाचा करण्यात आला आहे. शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र, भौतिकशास्त्राची आवश्यक तत्त्वे आणि यंत्रांची रचना हे विषय त्यांत येतात. परंतु खरा भर प्रत्यक्ष कामावर असतो. विद्यार्थिनीने किमान ६०० रुग्णांना पर्यवेक्षणाखाली भूल दिलेली असावी आणि किमान २,००० तास रुग्णसेवेत घालविलेले असावेत, असा दंडक आहे. या ६०० रुग्णांपैकी किमान २०० रुग्ण गंभीर आजार असलेल्या वर्गांतील असावे लागतात. लहान बालके, वृद्ध, बाळंतिणी आणि तातडीच्या शस्त्रक्रिया यांची संख्याही वेगवेगळी ठरवून दिलेली आहे. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी लागते. ही संख्या पुरी झाल्यावाचून राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही.

शिक्षणक्षेत्रातील वाचकांना या पद्धतीचे मर्म सहज उमगेल. अमुक महिने हजेरी लागली म्हणजे शिक्षण झाले, असे येथे मानले जात नाही. कोणते काम, कोणत्या प्रकारच्या रुग्णावर, किती वेळा आणि कोणाच्या देखरेखीखाली केले, याचा हिशेब मागितला जातो.

क्वचितच उद्भवणाऱ्या संकटांचे शिक्षण मात्र प्रत्यक्ष रुग्णावर देता येत नाही. त्यासाठी यंत्रचलित पुतळ्यांचा उपयोग होतो. वैमानिकांना जमिनीवरच कृत्रिम विमानकक्षात संकटाचा सराव दिला जातो. ती कल्पना १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे डेव्हिड गाबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूलशास्त्रात आणली. पुतळ्याची नाडी मंदावते, ओठ निळे पडतात, यंत्रे घंटा वाजवू लागतात आणि शिकणाऱ्या गटाला निर्णय घ्यावे लागतात. नंतर सर्वजण बसून कोण काय बोलले, कोण गप्प राहिले, याची चर्चा करतात. चूक येथे होते, पण तिची किंमत कोणा रुग्णाला द्यावी लागत नाही.

शिक्षणाने प्राण कसे वाचतात याचे एक उदाहरण पुरेसे आहे. फुप्फुसे तीव्रपणे निकामी झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. व्हेंटिलेटरने दर श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावले. ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकी ३१ टक्के. यंत्र तेच होते, बदलला होता तो एक आकडा. हा आकडा रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावरून नव्हे, तर उंचीवरून काढावयाचा असतो, कारण माणूस लठ्ठ झाला तरी त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ७० किलो असले, तरी तिचे हिशेबाचे वजन सुमारे ४५ किलो धरावे लागते. म्हणजे तिला दर श्वासाला सुमारे २७० मिलिलिटर हवा द्यावयाची, ४२० नव्हे. खाटेजवळच्या परिचारिकेला मोजपट्टीचा हा उपयोग ठाऊक असणे, ही बिनखर्चाची पण अमूल्य गोष्ट आहे.

यंत्राचा इशारा आणि माणसाचा शब्द

गेल्या काही दशकांत दोन उपकरणांनी भूल अधिक सुरक्षित केली. बोटाला लावावयाचा पल्स ऑक्सिमीटर रक्तातील प्राणवायू दाखवितो. त्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० नंतरच्या दशकात शोधून काढले. दुसरे उपकरण कॅप्नोग्राफ. ते उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते. दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. प्राणवायू दिलेल्या रुग्णाचा श्वास थांबला तर ऑक्सिमीटरचा आकडा काही वेळ चांगलाच राहतो. कॅप्नोग्राफची रेषा मात्र तत्काळ सपाट होते. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली असेल, तर तेही ही रेषाच सांगते. ब्रिटनमधील एका राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात श्वसनमार्गातील दुर्घटनांमुळे झालेल्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंना या उपकरणाचा वापर न होणे कारणीभूत ठरले असावे, असे त्यात दिसून आले.

तथापि, यंत्र इशारा देते. ऐकणारा तेथे असावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयांनी १९८६ साली भूल देताना पाळावयाचे किमान नियम प्रसिद्ध केले. भूल सुरू असेपर्यंत पात्र व्यक्ती सतत हजर असली पाहिजे, हा त्यांतील एक मूलभूत नियम होता.

ऐकणाऱ्याने बोललेही पाहिजे आणि बोललेले ऐकलेही गेले पाहिजे. २००५ साली इंग्लंडमध्ये एका साध्या नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, एरवी निरोगी असलेल्या तरुण मातेला भूल दिल्यानंतर तिच्या श्वासनलिकेत नळी जाईना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करीत राहिले. दरम्यान एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचे साहित्य आणून ठेवले व तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मिळविली. पण डॉक्टरांचा रोख पाहून ती खाट परत करण्यात आली. ती स्त्री तेरा दिवसांनी मरण पावली. काय करावयाचे हे त्या खोलीत काहींना ठाऊक होते. ते ठामपणे कसे सांगावे, हे मात्र त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. तिच्या वैमानिक पतीने या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि संकटकाळी कनिष्ठाने ठामपणे कसे बोलावे व वरिष्ठाने ते कसे ऐकावे, याचे शिक्षण हा विषय पुढे आला.

मतभेदाचा मुद्दा

भूलपरिचारिकेने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करावे काय, याविषयी अमेरिकेत आजही मतभेद आहेत. केंद्रीय आरोग्यविम्याच्या नियमांनुसार डॉक्टरांचे पर्यवेक्षण आवश्यक असते. परंतु २००१ पासून राज्यपालांना या अटीतून सूट मागता येते. आयोवा राज्याने प्रथम ती घेतली आणि नंतर अनेक राज्यांनी घेतली. ग्रामीण रुग्णालयांत डॉक्टर मिळत नाहीत, हे त्यामागील एक कारण. भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे असे की, गुंतागुंतीच्या प्रसंगी वैद्यकीय शिक्षणाला पर्याय नाही. स्वीडनने वेगळा मार्ग धरला. तेथे परिचर्येच्या शिक्षणानंतर एक वर्षाचे विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका भूल सांभाळते, आणि वैद्यकीय जबाबदारी भूलतज्ज्ञ डॉक्टरांकडे राहते. व्यवस्था भिन्न असल्या, तरी अधिकाराची मर्यादा लेखी ठरलेली असावी आणि शिक्षण त्या अधिकाराला साजेसे असावे, याविषयी दुमत नाही.

आपल्यासाठी बोध

भारतात भूल देण्याचे काम डॉक्टरांचेच आहे, आणि ते परिचारिकांकडे सोपवावे असे सुचविण्याचा या लेखाचा हेतू नाही. परंतु शस्त्रक्रियागृहातून बाहेर आलेल्या, व्हेंटिलेटरवर असलेल्या किंवा रुग्णवाहिकेतून मोठ्या शहराकडे निघालेल्या रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचारिकाच. भारतीय परिचर्या परिषदेने तिच्यासाठी अतिदक्षता परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखला आहे. त्यापुढे अतिदक्षता विषयातील 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. त्यात बहुतांश वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेत द्यावयाचा असतो.

२०२० आणि २०२१ मधील करोनाच्या साथीत 'व्हेंटिलेटर' हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. यंत्र विकत घेता येते आणि काही दिवसांत बसविताही येते. ते चालविणारा माणूस तयार होण्यास मात्र वर्षे लागतात, हेही त्या दिवसांत दिसून आले. म्हणून यंत्रखरेदीचा प्रस्ताव तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच कागदावर आणखी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हे यंत्र प्रत्येक पाळीत कोण सांभाळणार, त्यांनी पर्यवेक्षणाखाली किती रुग्ण सांभाळले आहेत, आणि प्रशिक्षणानंतर त्यांना त्याच विभागात ठेवण्याची तरतूद काय? प्रशिक्षित परिचारिकेची बदली दुसऱ्या कामावर झाली, तर तिच्या शिक्षणावरील खर्च आणि तिचा अनुभव दोन्ही वाया जातात.

परिचर्या विद्यालयांतील शिक्षकांना हजेरीबरोबर कामाची नोंदवही ठेवता येईल. रबरी पिशवीने श्वास देण्याचा सराव साध्या पुतळ्यावरही होतो; त्याला मोठा निधी लागत नाही. पंचायत सदस्यांनी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयास भेट देताना किती खाटा, किती यंत्रे, एवढेच न विचारता रात्रपाळीत प्रशिक्षित परिचारिका किती, हेही विचारावे. गावातील एखादी मुलगी परिचर्येचे शिक्षण घेत असेल, तर तिच्यासाठी पुढचे शिक्षण उपलब्ध आहे, ही माहितीही तिच्यापर्यंत पोहोचवावी.

ॲलिस मगॉ यांच्या हातात इथरची बाटली होती आणि कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांच्या हातात रबरी पिशवी. आजच्या परिचारिकेसमोर पडद्यावर हलणाऱ्या रेषा आहेत. साधने बदलली, पण रुग्णाची गरज तीच आहे. त्याचा श्वास जेव्हा त्याच्या स्वाधीन नसतो, तेव्हा शिकलेले आणि जागे असलेले कोणीतरी त्याच्या उशाशी असले पाहिजे. ते माणूस वेळेवर तयार करणे, हे रुग्णालयाच्या इमारतीइतकेच शासनाचे आणि समाजाचे काम आहे.